नवा नियम लागू होईपर्यंत

रविवार, १ सप्टेंबर. सकाळ.
आजपासून रोजनिशी. आजपासून आयुष्याला वळण. वळण कालच लागणार होतं, पण काल चर्चच्या हॉलमध्ये बीन्सचं जेवण होतं.

तिथेच क्लॉडेटने विषय काढला. ती भाड्याने राहते ती इमारत मालकाने विकली. नोव्हेंबरअखेर खोली रिकामी करायची. बीन्सची दुसरी वाटी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, हे बघ लिओनेल, एक डिसेंबरला मी कुठे असणार ते मला सांग. तुझ्याबरोबर राहायला मी एका पायावर तयार आहे. पण तुझ्या त्या डब्यात नाही.

डबा म्हणजे माझं घर. १९७३ सालचं, कारखान्यात बनलेलं, ट्रकमागून या तयार घरांच्या पार्कात ओढत आणलेलं. खाली चाकं अजून आहेत. तसं घर खणखणीत आहे. क्लॉडेटचा सगळा राग एका प्रसंगावर आहे. गेल्या फेब्रुवारीत ती मुक्कामाला होती, सकाळी उठली तर वेणी गोठून भिंतीला चिकटलेली. मी केस वाळवायच्या मशीनने सोडवून दिली. पाच मिनिटांचं काम. काही माणसं एकेक गोष्ट धरून बसतात.

संकल्प: नवं घर घेणे. क्लॉडेटशी लग्न करणे. ग्रेव्ही घातलेले बटाटे बंद.

गुरुवार, ५ सप्टेंबर.
मी चालवतो ती शाळेची बस लावून थेट रेजी डेगलच्या घरविक्रीच्या मैदानावर. ओळीने घरं उभी. एक घर बघितल्याबरोबर पसंत. फिकट निळं, पुढे छोटा ओटा, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. क्लॉडेट नर्सिंग होममध्ये पहाटेपासून स्वयंपाक करते, तिला उजेड आवडतो. मी डोळ्यांपुढे तिला त्या खिडकीत उभी करून पाहिली. छान दिसली.

रेजी म्हणाला, घेऊन टाक गड्या. वॉशिंग्टनहून नवा नियम येतोय. यापुढे कारखान्यातल्या घरांना जाड भिंती, भारी काचा, एकही फट नको. घर तापवायला रॉकेल कमी जळेल हे खरं, पण घर काही हजारांनी महागणार. आधीच माणसं हप्ता ऐकून पळतात.

मी मनात हसलो. नियम येणार म्हटल्यावर रेजीला जुन्या पद्धतीची घरं खपवायची घाई! म्हणजे थोडं थांबलं की हाच माल पडेल भावात. आणि नवंच घर घ्यायचं ठरवलं तर रॉकेल वाचणार. दोन्हीकडून फायदा माझाच. फक्त थांबायचं.

रेजीला म्हटलं, बघू. त्याचा चेहरा पडला. धंद्यातल्या माणसाला आपण असं एका शब्दात गार करतो.

रात्री ग्रेव्ही घातलेले बटाटे. आनंदाचा दिवस म्हणून.

शुक्रवार, २० सप्टेंबर.
बटाटे काढायची सुट्टी लागली. पोरं शेतात, बस शेडमध्ये, मी मोकळा. लायब्ररीत बसून नियम वाचला. शंभरेक पानं आहेत. चाळीस वाचली, पैकी बारा समजली. पार्कातल्या कुणाला एवढी समजली असतील असं वाटत नाही.

संध्याकाळी शेजारच्या ओमेरना समजावून सांगितलं. ओमेर ऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी येतं, म्हणून ऐकणारे उत्तम. मी म्हटलं, हा नियम म्हणजे गरिबाच्या गळ्याला फास. घर घेताच आलं नाही तर जाड भिंती चाटायच्या का? ओमेर म्हणाले, बरोबर आहे पोरा. मग मी दुसरी बाजूही मांडली. घर स्वस्त घेतलं आणि दर हिवाळ्यात अर्धा पगार रॉकेलवाल्याला दिला तर ते स्वस्त कसलं? ओमेर म्हणाले, हेही बरोबर. मग विचारलं, तर मग तू काय घेतोयस? मी म्हटलं, निर्णय.

क्लॉडेटचा फोन. घराचं काय झालं. मी तिला भिंतीतून उष्णता कशी जाते ते पंधरा मिनिटं सांगितलं. ती म्हणाली, लिओनेल, ती कशी जाते ते माझ्या वेणीला विचार.

विनोदी आहे ती. म्हणूनच आवडते.

शनिवार, २८ सप्टेंबर.
बातमी! नियमाची तारीख पुढे ढकलली. मी थांबलो होतो ते किती शहाणपणाचं! आता रेजीची हवा गेली. भीती संपली म्हणजे भाव उतरणार.

रेजीकडे गेलो. भाव वाढलाय. लाकूड महाग झालं म्हणाला. वर म्हणाला, तारीख आतापर्यंत किती वेळा पुढे गेली याचा हिशेब मीच सोडून दिलाय, तू कशाला ठेवतोस? निळं घर अजून आहे, बायकोला आणून दाखव.

बायको म्हणाला! मला इतका आनंद झाला की पुढचं काही ऐकलंच नाही. त्याच भरात त्याला ठणकावलं, भाव उतरल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही.

क्लॉडेटला घर दाखवायचं मात्र अजून नाही. सरप्राइज. फक्त कुठलं घर ते सांगून टाकलं. आणि रंग. आणि खिडकी.

रविवार, ६ ऑक्टोबर.
पहाटे अंथरुणात साक्षात्कार झाला. (नाक गार पडलं होतं, त्यामुळे जाग लवकर आली.) नवं घर नियमात बसवायला कारखाना लागतो. जुनं घर नियमात बसवायला डोकं लागतं. डोकं आपल्याकडे आहे. डबाच असा उबदार करतो की क्लॉडेट म्हणेल, नवं घर कशाला? ती पैशाला जपणारी बाई आहे. फार खूश होईल.

हार्डवेअरच्या दुकानातून फटी बुजवायच्या फेसाचे डबे आणले. खोकंभर. दुकानदार म्हणाला, एका घराला तीन खूप झाले. त्याला माझ्या फटी माहीत नाहीत.

सोमवार, १४ ऑक्टोबर.
काम जोरात. फेस हे अद्भुत द्रव्य आहे. फवारताना बोटाएवढं असतं, चहा पिऊन येईपर्यंत पावाएवढं होतं. सगळ्या खिडक्या बंद केल्या. म्हणजे कायमच्या. उन्हाळ्यात काय करायचं ते उन्हाळ्यात बघू. चमच्यांचा खणही बंद झाला, तो आतून भिंतीला लागून होता. काट्यांवर भागतं. दाढीत थोडा गेला, ती बाजू काढून टाकली.

बाहेरून घराभोवती, वारा अडवायला, बाल्सम झाडाच्या फांद्या आणि गवताचे भारे रचले. माझे वडीलही दर वर्षी रचायचे. घर असं आत दडलंय की टपालवाल्याने ओमेरना विचारलं, लिओनेल सोडून गेला का?

क्लॉडेट गाडीतूनच बघून गेली. उतरली नाही. काच खाली करून म्हणाली, दाढीचं काय झालं? मी म्हटलं, ऊर्जाबचत. मग तिने विचारलं, पार्कात काँक्रीटचा चौथरा तयार असलेली रिकामी जागा कुठली? मी लगेच सांगितलं, वळणावरची, बसच्या रस्त्याला लागून. तिने ते लक्षात ठेवलेलं दिसलं. तिला आता आमच्या घराच्या बाबतीत रस वाटायला लागलाय. माझ्या कामाचा परिणाम.

गुरुवार, २४ ऑक्टोबर.
आज घराची परीक्षा. काउंटीकडून, म्हणजे आमच्या जिल्ह्याकडून, घरं उबदार करायला मदत मिळते, त्यासाठी टॅमी मिशो नावाची बाई पंखा घेऊन आली. पंखा दारात ताणून बसवतात, घरातली हवा बाहेर ओढतात आणि कुठून किती हवा आत येते ते मोजतात. मी ओमेरना आणि त्यांच्या दोन मित्रांना बघायला बोलावलं होतं. खुर्च्या मांडल्या, कॉफी ठेवली.

टॅमीने पंखा सुरू केला. पहिल्यांदा पडदे आडवे झाले. मग जमिनीवरचं लिनोलियम तव्यावरच्या भाकरीसारखं टम्म फुगलं, त्यावर ओमेरची खुर्ची, ओमेर खुर्चीत. ओमेर म्हणाले, पोरा, मी वर चाललो. मग जमिनीखालून, कुठून ते अजून कळलं नाही, गवत आत यायला लागलं. माझ्याच भाऱ्यांतलं. सगळी खोली गवताने भरली. ओमेरच्या मित्राच्या कॉफीतही गवत.

टॅमीने पंखा बंद करून आकडा बघितला, मशीनवर टिचकी मारली, परत बघितला. म्हणाली, इतकी वर्षं हे काम करते, असा आकडा बघितला नव्हता. मी नम्रपणे म्हटलं, मेहनत घेतली आहे. ती म्हणाली, दादा, मोठा आकडा वाईट असतो.

मग तिने सांगितलं की ह्या घरावर सरकारी पैसा खर्च करायला तिचे वरचे लोक परवानगी देणार नाहीत, मी नवीन घराचा विचार करावा. मी विचारलं, जुन्या नियमातलं की नव्या? ती म्हणाली, भिंती असलेलं कुठलंही.

एकंदरीत ओमेरना मजा आली. परत कधी आहे विचारत होते.

रविवार, ३ नोव्हेंबर.
नवीन धोरण. फटी बुजत नसतील तर वीज वाचवायची. फ्रिज बंद केला, स्वयंपाकघरात दूध आपोआप टिकतं. घराखाली पाण्याच्या नळाला गुंडाळलेली तापती वायर असते, नळ गोठू नये म्हणून. दिवसरात्र वीज खाते. तिचाही प्लग काढला. नोव्हेंबरात कुठली एवढी थंडी? इथे जन्म गेला माझा. कधी लावायचा ते मला कळतं.

क्लॉडेटला फोनवर सांगितलं की मी महिन्याला किती वाचवणार. ती म्हणाली, तुझ्याकडे रेजी डेगलचा नंबर आहे ना? मी दिला. भाव पाडायला बाईमाणूस बोललं तर बरंच. आमची आता टीम झाली. तिने आज घराच्या तारखेबद्दल एकदाही विचारलं नाही. विश्वास बसला की माणूस विचारत नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर.
आज क्लॉडेट खरेदीला गेली होती. पडद्यांचं कापड बघितलं म्हणाली. पिवळं. मी म्हटलं, माझ्या खिडक्यांना पडदे नकोत, फेस आहे. ती हसली आणि तोंड फिरवलं. डोळ्यांत पाणी होतं असं वाटलं. कापडाच्या दुकानात धूळ फार असते.

पुढच्या शनिवारी तिला जेवायला बोलावलंय. चिकन स्टू आणि बकव्हीटची धिरडी, दोन्ही मी करणार. जेवता जेवता विचारणार. अंगठी आईची आहे, नीट गुंडाळून ठेवली आहे. कुठे ते आठवायला हवं.

शनिवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळ.
अंगठी सापडली. चमच्यांच्या खणात आहे. खण उघडत नाही. पण आहे हे महत्त्वाचं. थंडी अचानक वाढली. क्लॉडेट सहाला येते.

रविवार, १७ नोव्हेंबर. ओमेरच्या सोफ्यावर.
कालचं क्रमाने लिहितो, म्हणजे चूक माझी नव्हती हे दिसेल.

क्लॉडेट आली. कोट काढला नाही. मीही आग्रह केला नाही. स्टू उत्तम झाला होता. तिने दोनदा घेतला. मी घसा खाकरला, आणि पायाखाली धाडकन आवाज झाला. मग झुळझुळ. क्लॉडेट म्हणाली, नळ फुटला. मी म्हटलं, आवाज शेजारून येतोय. ती म्हणाली, शेजारी पाय भिजतात का?

दार उघडायला गेलो तर उघडेना. घराखालून उडालेलं पाणी उंबऱ्याशी गवतात मुरून गोठलं होतं, सगळे भारे एकसंध, बर्फाची तटबंदी. खिडक्यांकडे गेलो. खिडक्यांचं वर लिहिलंय. खण ओढून बघितला, निघाला तर निदान अंगठी तरी. क्लॉडेट म्हणाली, चमचे कशाला हवेत आता? पायांत पाणी, टेबलावर गार होत चाललेली धिरडी. अशा वेळी विचारणं बरं दिसलं नसतं.

फोन करून ओमेरना उठवलं. ते अंगात झोपेचे कपडे, डोक्यावर शिकारीची टोपी आणि हातात कुऱ्हाड अशा थाटात आले. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच एका फटक्यात फोडली. क्लॉडेट आधी बाहेर, मग मी. मी मध्ये अडकलो, तेव्हा तिने हात धरून ओढलं आणि तिला हसू आवरेना. बर्फात बसून हसली. ओमेर हसले. मग मीही हसलो. एवढी हसताना मी तिला किती वर्षांत बघितली नव्हती. हा मी चांगलाच शकुन समजतो.

आणखी एक मुद्दा. काच जुनी, एकेरी होती म्हणून फुटली. नव्या नियमातल्या भारी काचा असत्या तर आम्ही अजून आतच असतो. हे रेजीला सांगितलं पाहिजे.

जाताना क्लॉडेटने माझ्या गळ्याभोवती स्वतःचा मफलर गुंडाळला. म्हणाली, ओमेरकडेच झोप. आणि आजारी पडू नकोस. आणखी काहीतरी बोलणार होती. गाडीत बसली.

सोमवार, १८ नोव्हेंबर.
निर्णय झाला! नियम येवो न येवो, भाव उतरो न उतरो. बस लावली आणि धावत रेजीकडे गेलो. निळं घर घेणार, आजच.

निळं घर विकलं गेलंय.

मी विचारलं, कुणाला? रेजी बुटांकडे बघत म्हणाला, गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाही मी. मग म्हणाला, कॉफी घेणार का? रेजीने आजवर मला कॉफी विचारली नव्हती.

कॅरिबू शहराकडचा कुणी पैसेवाला असणार. मी बिछान्यावर, म्हणजे सोफ्यावर पडून त्याला शिव्या दिल्या. मग विचार केला, बरं झालं. रेजी दुसरं मागवेल. कदाचित नव्या नियमातलं. क्लॉडेटला काही दिवस ओमेरकडे ठेवता येईल. ओमेरचा सोफा तसा लांब आहे.

मंगळवार, १९ नोव्हेंबर.
सकाळी पोरं भरून शाळेकडे निघालो तर पुढे अख्खं घर. ट्रकवर. रस्ता भरून, बैलगाडीच्या वेगाने. पुढे काढता येईना. शाळेची घंटा व्हायला आलेली. मी हॉर्न दाबला. पोरांना जोर चढला, सगळ्यांनी खिडक्या उघडून आरडाओरडा केला, घर हलव, घर हलव! मीही ओरडलो. मजा आली.

मग वळण आलं आणि घराची बाजू दिसली. फिकट निळी. खिडकी पूर्वेची. ट्रक पार्काकडे वळला, वळणावरच्या चौथऱ्यापाशी थांबला. रस्त्याच्या कडेला क्लॉडेट उभी होती, पिवळं कापड काखोटीला मारून, ट्रकवाल्याला हात करत, मागे ये, अजून मागे, बस बस.

पोरं टाळ्या वाजवत होती. तिने बसकडे बघून हात केला. मी पण केला. मग निघालो. शाळेला उशीर झाला. कारण विचारलं, मी म्हटलं, रस्त्यात घर आडवं आलं.

शनिवार, ३० नोव्हेंबर.
लिहायचं नव्हतं. लिहितो.

तिने जेवायला बोलावलं होतं. दार एका बोटाने उघडतं. आत कोट काढला, स्वेटर काढला, तरी घाम. जमीन पायाला गार लागत नाही. पिवळे पडदे चांगले दिसतात. मी भिंतीला हात लावून बघितला. ती म्हणाली, बघ, बघ, चिकटत नाही.

मी विचारलं, कुठल्या नियमातलं आहे हे, जुन्या की नव्या? ती म्हणाली, रेजीने सांगितलं होतं, मी विसरले. हप्ता किती ते माहीत आहे, आणि पहाटे उठताना पाय गार पडत नाहीत ते माहीत आहे.

मी म्हटलं, मला सांगायचंस तरी. आपण भाव पाडत होतो ना? ती म्हणाली, लिओनेल, तीन महिने मी तुला घराबद्दल विचारतेय असं वाटलं का रे तुला? मी तुझ्याबद्दल विचारत होते. तू बसमधून उतरून माझ्याबरोबर रेजीकडे एकदा आला असतास ना, तर मी पुठ्ठ्याच्या खोक्यातसुद्धा राहिले असते. तू मला दर वेळी भिंतीची जाडी सांगितलीस.

मी खिशातून अंगठी काढली. काल खण करवतीने कापला होता. तिने अंगठी हातात घेतली, फेसाचा तुकडा चिकटला होता तो नखाने काढला, पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली. म्हणाली, आईची आहे ना, नीट ठेव. रविवारी जेवायला येत जा. जेवण झालं की घरी जायचं.

मला खूप वाईट वाटलं. एवढंच. बाकी स्टू माझ्यापेक्षा तिचा बरा होता.

सोमवार, २ डिसेंबर.
थंडी कडक. बस पहिल्या झटक्यात सुरू झाली.

वळणावर आलो तर निळ्या घराच्या स्वयंपाकघरात दिवा होता. मी बस थांबवली, दार उघडलं. मागून पोरं म्हणाली, लिओनेल, इथे कुणी चढत नाही.

खरंच चढत नाही. दार लावलं आणि पुढे निघालो.